एका फटक्याचं गाव

कुयाचं गाव एका मुंडक्यावर वसलंय. हे मी नाही म्हणत, त्याचा बाप म्हणायचा. म्हणताना मानेवरून बोट असं फिरवायचा की फोनवर बघताना आपलाच हात आपल्या गळ्याकडे जायचा.

कुया म्हणजे त्यांच्या भाषेत दादा. फिलिपिन्सचा माणूस, चाळिशीतला, बुटका, खांदे मात्र बैलाचे. ऑस्ट्रेलियात टूवूंबाच्या बाहेर जे मोठं मीटवर्क्स आहे, तिथं तो बोनर होता. म्हणजे आकड्याला टांगून आलेल्या जनावराच्या हाडापासून मांस सोडवणारा. मी त्याच लाइनच्या शेवटी, पॅकिंगला. युनी, म्हणजे माझी युनिव्हर्सिटी, ऑनलाइन गेली, ज्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचो त्याला टाळं लागलं, आणि लॉकडाऊनमध्ये नवीन माणसं घेत होता तो फक्त कत्तलखाना. घरी आईला सांगितलं, फूड कंपनीत लागलो. ती म्हणाली, बिस्किटं का? म्हटलं, तसलंच.

भाड्याच्या घरात आम्ही तिघं. कुया, मी आणि लंब्या. लंब्या हे नाव मी ठेवलेलं. कुयाच्याच गावचा, माझ्या वयाचा, प्रत्येक दाराच्या चौकटीला कपाळ आपटत फिरायचा. त्याला इथं आणलं कुयानं, कामाला चिकटवलं कुयानं, सुरीला धार कशी लावायची ते हात धरून शिकवलंही कुयानंच. आणि गंमत बघा, लंब्याच्या पणजोबाच्या पणजोबानं कुयाच्या पणजोबाच्या पणजोबाचं मुंडकं उडवलं होतं. तेच ते गाव वसवणारं मुंडकं.

आता मी कोण, तर नकल्या. आमच्या तालुक्याच्या शाळेत पाचवीपासून हेडसरांचा आवाज काढायचो. गॅदरिंगला टाळ्या मिळायच्या आणि सोमवारी माझ्या हातांवर वेताची छडी. वेत हवेतून येताना कसा आवाज करतो, हे मला तेव्हापासून तोंडपाठ आहे. इथं आल्यावर सुपरवायझरची नक्कल बसवली, "येssह, नाssह, मेट" करत कानामागे पेन खोचायची. लंचरूममध्ये प्लास्टिकच्या पडद्यांमागे बसलेली माणसं मास्कच्या आत हसायची.

पण माझा खरा हिट आयटम म्हणजे कुयाचा बाप.

शिफ्ट संपली की रोज आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, त्याचा व्हिडिओ कॉल. म्हातारा फोन ओसरीच्या वाशाला टांगून खाली दोरीच्या पाळण्यात झोपायचा, त्यामुळे आम्हाला दिसायचं कपाळ आणि दोन नाकपुड्या. आवाज घोगरा. वाक्याच्या आधी जिभेनं एक टक्, मग वाक्य, आणि शेवटचा स्वर असा लांबवायचा की गुरं हाकतोय असं वाटावं. कॉलच्या शेवटी ठरलेलं, "मंगाओन ना ता." म्हणजे चला, जेवूया. तो तिकडं जेवायला उठायचा, आम्ही इकडं. मी तो आवाज उचलला. एकदा त्याच्यासमोरच काढला, तर तो इतका हसला की पाळणा उलटायची वेळ आली. मला म्हणाला, "बुम्बाय, माझी बायको फसेल रे." तिकडं कुठल्याही इंडियन माणसाला बुम्बायच म्हणतात. आपण फिलिपिनो म्हटल्यावर चायनीज समजतो, तसं फिट्टंफाट.

गावाची गोष्ट त्यानंच सांगितली, हप्त्याहप्त्यानं. कुया ट्रान्सलेट करायचा, आणि आपल्या खानदानाचा विषय आला की लंब्या मध्येच तोंड घालायचा.

तर ते गाव डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सापडलेलं. वर नारळ, खाली भात, मधून नदी. नगरपालिका आहे, पण आपल्यासारखी शहराची नाही. डोंगरातल्या वाड्या, मासेमारांच्या वस्त्या, सगळं मिळून एक. मध्यभागी चर्च, पालिकेची इमारत, पत्र्याच्या छपराचं बास्केटबॉल कोर्ट, जिथं पोरं खेळत नसली की भात वाळत पडतो, आणि मागे कोंबड्यांच्या झुंजीचा आखाडा. आधी हे काहीच नव्हतं. डोंगरवाले एकीकडे, किनारेवाले दुसरीकडे, आणि दोघांवर हुकूम पलीकडच्या मोठ्या गावाचा. मग स्पॅनिश साहेबांनी परवानगी दिली की करा तुमचं वेगळं गाव, पण चर्च एकच बांधा.

डोंगरवाले म्हणाले वर बांधू, समुद्रातून लुटारू येतात. किनारेवाले म्हणाले खाली, कारण माल होडीनं येतो. एवढ्यात चर्चची घंटा होडीतून आलीसुद्धा, आणि किनारेवाल्यांनी ती दाबून ठेवली. डोंगरवाले बांबू घेऊन खाली उतरले आणि घंटा त्याला टांगून खांद्यावर टाकून निघाले. अर्ध्या वाटेत किनाऱ्याचा म्होरक्या, म्हणजे कुयाचा पूर्वज, आडवा आला. डोंगराच्या म्होरक्यानं घंटा सोडली नाही. एका खांद्यावर बांबू तसाच ठेवून दुसऱ्या हातानं कोयता ओढला आणि एकच घाव. मुंडकं गेलं घरंगळत नदीत, बाकीचा माणूस उभाच. म्हातारा म्हणायचा, दोन पावलं चालला. लंब्या म्हणायचा, एकच.

पुढं अख्खा हंगाम कापाकापी. झोपड्यांना बाहेरून कड्या घालून आत माणसांसकट आगी लावल्या. नदीतून इतकी प्रेतं गेली की किनाऱ्यावर कुणी मासे खाईना. घंटा पडली होती तिथंच पडून, कारण उचलायला जो वाकेल त्याची मान समोरच्याला आयती मिळायची. शेवटी चर्च बांधलं ते घंटेभोवतीच. म्हणजे दोघांनाही नको होतं त्या जागी, खोलगट भागात. म्हणून आजही जोराचा पाऊस झाला की त्यांच्या नगरपालिकेत गुडघाभर पाणी. टेबलं भिंतीला टांगून ठेवतात म्हणे.

कापाकापी थांबवली ती मेलेल्याच्या विधवेनं. तिनं एक नियम घातला. वर्षातून एकदा, गावाच्या जत्रेला, मारणाऱ्याच्या घरातला कर्ता पुरुष चर्चसमोर गुडघ्यावर बसेल. मेलेल्याच्या घरातला कर्ता पुरुष त्याच्या पाठीवर वेताचा फटका मारेल. एकच. मग दोन्ही घरं एका भांड्यातून जेवतील, आणि वर्षभर कुणी कुणावर हात उचलायचा नाही. विधवेचे शब्द बोलायला मात्र माणूस तिसराच लागतो, दोन्ही घरांबाहेरचा. गावात ते काम दुसऱ्या बेटावरून आलेल्या एका शिंप्याच्या घराकडे होतं. तो बाईच्या आवाजात म्हणायचा, "या नदीनं दोघांचं प्यायलंय, तिसऱ्याचं मागत नाही. एक." मग फटका. मग लगेच, "मंगाओन ना ता." हे शब्द आले की वेत खाली टाकायचा.

कुयाचा बाप फटका मारायचा, लंब्याचा बाप वाकायचा. दोघं म्हातारे. कुयाच म्हणायचा, गादी झटकल्यासारखं मारतो आमचा बाबा.

मग बाबाला कोविड झाला.

गावात वाटावाटांवर दोऱ्या बांधल्या होत्या. पास असल्याशिवाय वाडीबाहेर जायचं नाही. कुयाच्या धाकट्या भावानं बापाला तीनचाकीत घातलं आणि जिल्ह्याच्या हॉस्पिटलकडे निघाला. पुलावर दोरी होती, आणि दोरीपाशी ड्यूटीवर होता लंब्याचा बाप, कारण तो त्या वाडीचा मुखिया. पास नव्हता. लंब्याचा बाप म्हणाला, वरून ऑर्डर आहे, पास आणा. भाऊ पास आणायला पळाला. तो परत येईपर्यंत म्हातारा तीनचाकीत, दोरीच्या अलीकडे, श्वास मागत मागत गेला. त्याच नदीवर.

भावानं तिथल्या तिथं लंब्याच्या बापाचं तोंड फोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रेड्याच्या मागच्या पायाच्या शिरा कोयत्यानं तोडल्या. रेडा चिखलात बसून ओरडत राहिला, शेवटी त्यांनाच त्याला मारावं लागलं. मग लंब्याच्या चुलतभावांनी कुयाच्या भावाला गाठलं आणि दंडावर वार केला, हाड दिसेपर्यंत. हे सगळं आम्हाला फोनवर कळत होतं. रक्त पुसायच्या आधीच फोटो यायचे.

आणि इकडं ही दोघं एकाच टेबलवर, समोरासमोर, हातात सुऱ्या. घरात बोलणं बंद, पण लाइनवर जागा बदलून मिळत नाही. कुया आधी काम करताना गुणगुणायचा, आता नुसता कापायचा. हाडाला सुरी घासल्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. एकदा लंब्यानं मांसाच्या तुकड्याला हात घातला आणि कुयाच्या हातातला मांस ओढायचा आकडा त्याच्या बोटांच्या मध्ये खच्चकन घुसला. जाळीच्या हातमोज्याची कडी तुटून उडाली. सुपरवायझर आला, "यू बॉईज ऑलराइट?" म्हणाला. कुया म्हणाला, "नो वरीज."

म्हातारा गेल्यापासून मी त्याचा आवाज काढणं बंद केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

जत्रेवर बंदी आली, चर्चला कुलूप. धाकट्या भावानं चौकात जाहीर केलं, फटक्याविना दिवस गेला तर विधवेचा शब्द संपला, मग मी मोकळा. लंब्याच्या बापावर तो रोज पुलावर नजर ठेवून असायचा, बगलेत कोयता. गावातली म्हातारी माणसं बसली आणि त्यांनी मधला रस्ता काढला. बाप गेल्यावर कर्ता पुरुष कोण, तर कुया. लंब्याचा बाप भावासमोर आला तर जिवंत जाणार नाही, मग त्याच्या जागी थोरला मुलगा, लंब्या. दोघं आहेत ऑस्ट्रेलियात. तिथंच करा, आम्ही फोनवर बघू. भावानं हे लगेच मान्य केलं, कारण थोरल्या भावाचा हात त्याला माहीत होता. बोनरच्या हातानं एकदा बसला तर बाकीचं काही करायला नको.

तिसरा माणूस म्हणून मी. दुसरं होतंच कोण.

मी लंब्याला बाजूला घेतलं. म्हटलं, नाही म्हण ना. पोलिसात सांगू, रूम बदल, डार्विनला जा, तिथं पण काम मिळतं. तो कपाळावरचं टेंगूळ चोळत राहिला.

"मी नाही वाकलो तर बाप वाकेल," तो म्हणाला. "आणि तिकडं वेत नाही, कोयता आहे."

कुयाला मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्याचं तोंडच नव्हतं. कुणीतरी रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली वेताची खुर्ची त्यानं उचलून आणली, तिचा मागचा जाड दांडा उपटला आणि लाँड्रीच्या टबात मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला. भिजला की मोडत नाही. मी दात घासायला जायचो तेव्हा तो दांडा बाजूच्या टबात पडलेला असायचा, साप झोपल्यासारखा.

शिंप्यानं शब्द रेकॉर्ड करून पाठवले. मी ते बाथरूममध्ये पाठ केले, बाईच्या आवाजात. हसू आलं की पुन्हा पहिल्यापासून.

रविवारची आर्वो. टूवूंबाची थंडी, अंगणात वारा असा की कपडे वाळत घालायची ती तारांची गोल छत्री आपोआप गरगरत होती. फोन मी तिच्या खांबाला रबरबँडनं बांधला. स्क्रीनवर गाव. चर्चच्या बंद दारासमोर मास्क लावलेली माणसं लांब लांब उभी, एका कडेला खुर्चीत लंब्याचा बाप, आणि त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर, धाकटा भाऊ. कोयता उघडा.

लंब्यानं शर्ट काढला आणि गवतात गुडघ्यावर बसला. बसूनही तो कुयाच्या छातीपर्यंत येत होता. कुयानं दांडा झटकला, पाणी उडालं.

मी बोललो. नदी, दोघांचं, तिसऱ्याचं नाही. एक.

वेत आला. शाळेपासून ओळखीचा आवाज, पण हा तसा नव्हता. लंब्याच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी उकलली आणि आधी पांढरी दिसली, मग भरून आली. तो ओरडला नाही, त्याच्यातून हवा निघून गेली फक्त.

मी लगेच म्हटलं, "मंगाओन ना ता."

दांडा खाली पडला नाही. वर गेला. दुसरा फटका गळ्याच्या हाडावर बसला, आणि ते हाड मोडल्याचं मी ऐकलं. रोज हाडं मोडताना ऐकतो मी, चुकणार नाही. लंब्या हातांवर पडला. मी पुन्हा म्हटलं, बाईच्याच आवाजात, पण आता आवाज फाटला होता. कुयानं माझ्याकडे बघितलंही नाही. तिसरा बरगडीवर. स्क्रीनवर लोक ओरडत होते, लंब्याचा बाप खुर्चीतून उठायला गेला, आणि भावानं त्याच्या खांद्यावर कोयता टेकवून त्याला परत बसवलं. कुयानं पाय बदलला. बोनर पाय बदलतो तेव्हा पुढचा घाव मानेवर असतो. लंब्याची मान समोर होती, गवतात वाकलेली.

माझी जीभ टाळ्याला लागली आणि टक् झालं.

"मंगाओन ना ताssss."

घोगरा, गुरं हाकल्यासारखा. पाळण्यातून येतो तसा. मी ठरवून केलं असं नाही म्हणणार. बाईच्या आवाजानं काम होत नव्हतं, तर माझ्याकडं दुसरा होता तो निघाला.

कुयाचा हात वरच राहिला. मान फिरवून त्यानं आधी फोनकडे बघितलं, मग वर, पत्र्याच्या कुंपणावरून कुठंतरी, आणि मग माझ्याकडे. दांडा टाकला. चार पावलांत माझ्यापर्यंत आला आणि बुक्की घातली. नाक गेलं. मी कपड्यांच्या छत्रीच्या खांबावर आदळून गवतात, वर छत्री फिरतेय, शेजारी निसटून पडलेला फोन, आणि फोनमधलं सगळं गाव गरगरतंय.

तिकडं म्हाताऱ्यांची कचकच सुरू झाली. भाऊ म्हणत होता, फटके जास्त झाले, म्हणजे नियम आमच्याच घरानं मोडला, म्हणजे नियम संपला, म्हणजे आता मी काय वाट्टेल ते करू शकतो. वकील व्हायला हवा होता तो. तेव्हा सगळ्यात म्हातारी बाई मास्क हनुवटीवर ओढून म्हणाली की एक या वर्षाचा, आणि वरचे पुढच्या वर्षांचे, आगाऊ. जत्रा पुढच्या वर्षी तरी होणारंय का, कुणी सांगितलंय? म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पण भावानं कोयता खाली घेतला नाही. म्हणाला, माझा कुया जेवला तर मी जेवेन.

म्हणून आम्ही जेवायला बसलो. तिथंच, गवतात. डुकराच्या मांसाचं आंबट कालवण आणि भात, एका पातेल्यातून. लंब्याचा एक हात लोंबत होता, पाठीला टॉवेल चिकटला होता, त्यानं दुसऱ्या हातानं घास घेतला आणि चावता चावता डोळे मिटले. मी नाकात टिश्यूचे बोळे खुपसून तोंडानं श्वास घेत होतो. फोन पुन्हा उभा केला होता. तिकडं पण पातेलं, त्याच्या एका बाजूला लंब्याचा बाप, त्याच्यामागे भाऊ तसाच उभा.

कुयानं घास हातात घेतला आणि धरून ठेवला. त्याच्या बोटांवरून रस्सा मनगटापर्यंत ओघळला. सगळं गाव त्या घासाकडे बघत होतं. लंब्यानं चावायचं थांबवलं.

"परत म्हण," कुया मला म्हणाला.

मी टक् केलं आणि म्हटलं. नाक बंद, त्यामुळे आवाज निघाला तो सर्दी झालेल्या म्हशीचा. बापाचा नाही, विधवेचा नाही, कुणाचाच नाही. लंब्याला हसू फुटलं आणि बरगडी दुखली म्हणून तो कण्हला, दोन्ही एकदम.

"असा नव्हता," कुया म्हणाला. "शेवटी अजून लांबवायचा तो." आणि घास तोंडात घातला.

स्क्रीनवर भावानं कोयता भिंतीला टेकवला, पातं खाली करून, आणि लंब्याच्या बापाला सरकायची खूण करून शेजारी बसला.

पातेलं रिकामं झाल्याशिवाय उठायचं नसतं. म्हणून हॉस्पिटलला आम्ही त्यानंतर गेलो. गाडी कुयानं चालवली.